हिरालाल आप्पांचं बेट

आमचे शेजारी हिरालाल आप्पा यांना कुठल्याही ठिकाणाचं नाव सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "चारी बाजूले पाणी शे का?"

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. हॉल नंदुरबारला होता. आप्पांनी पत्रिका वाचली, पत्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हॉलना चारी बाजूले पाणी शे का?"

"नही आप्पा. एक बाजूले पेट्रोल पंप शे."

त्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. लग्नाला आले, जेवले, पण नाइलाजाने आल्यासारखे.

आप्पांना हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं, गच्चीवर वायर ताणायची आणि ज्यांचं आपल्याशी काही काम नाही अशा माणसांना जगभर हाका मारत बसायचं. या नादातही पोटनाद असतात. आप्पांचा पोटनाद बेटांचा. एखाद्या आडबाजूच्या बेटावर जाऊन तिथून हाक मारली की जगभरचे लोक तुटून पडतात म्हणे, कारण प्रत्येकाला आपल्या यादीत ते बेट हवं असतं. आता शहाद्याहून सुरत गाठायलाच चार तास लागतात आणि समुद्र त्याच्याही पुढे. अशा गावात राहून बेटांचा नाद करणं म्हणजे वाळवंटात राहून होडी रंगवण्यासारखं आहे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

म्हसावदच्या रस्त्याला त्यांची पपईची बाग आहे. ती धाकटा भाऊ बघतो. आप्पा आयनोस्फिअर बघतात. आभाळातल्या त्या थरावरून आवाज परावर्तित होतो, असं ते मला गेली अकरा वर्षं समजावताहेत. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी एकदा आमच्या ओट्यावर बसून शांतपणे म्हणाल्या, "मी बी पाणीमा जाई उभी ऱ्हासू, तवय हाऊ मानोस मन्हासंगे बोली."

मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे. सव्वीस वर्षं झाली. न मोजलेला आकडा मी कधी कागदावर लिहिलेला नाही, त्यामुळे आप्पांबद्दलही मोजूनच बोलतो. त्यांच्या गच्चीवरचा खांब एकेचाळीस फूट आहे आणि तो आमच्या पाण्याच्या टाकीकडे तीन अंशांनी झुकलेला आहे. आप्पा माईकवर बोलायला लागले की आमच्या दाराची बेल आपोआप वाजते. एका महिन्यात ती त्रेसष्ट वेळा वाजली. पहिल्या एकवीस वेळा मी दार उघडलं. तारीख आणि वेळ लिहून केलेली यादी घेऊन मी भांडायला गेलो, तर आप्पांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "वा नाना. म्हंजे सिग्नल मस्त जाई ऱ्हायना."

त्यांचं रेडिओवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे. सरासरी चौदा सेकंद. समोरच्याने आपलं नाव सांगायचं, यांनी त्याला गुण द्यायचे, त्याने यांना द्यायचे, संपलं. गुण म्हणजे आवाज किती स्पष्ट आला त्याचा आकडा. यंत्रावर त्यासाठी काटा आहे. एकदा काटा तीनवर असताना आप्पा समोरच्या रशियन माणसाला "फाइव्ह नाइन" म्हणजे उत्तम म्हणाले.

"काटा तीन दाखवतोय," मी म्हणालो.

"बठ्ठा लोके नऊच देतस, नाना."

"मग काटा कशाला ठेवला?"

"दिसाले बरा दिसस."

आकड्यांची अशी विटंबना मी तलाठ्यांच्या जुन्या उताऱ्यांतसुद्धा पाहिलेली नाही.

या गुणांच्या पावत्या म्हणून लोक पोस्टकार्डं पाठवतात. आप्पांकडे बुटांच्या खोक्यांत आठशे त्रेचाळीस कार्डं आहेत. एका रविवारी मी ती सगळी वाचली. वेळ, लहरींची लांबी, गुण. 'बरे आहात ना' असं एकावरही नव्हतं.

तर अशा माणसाने होळीनंतरच्या एका संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारलं, "नाना, तुम्हनी टेप लई रविवारे तापीमा येशात का?"

प्रकरण असं होतं. देशातल्या काही रेडिओवाल्यांनी नद्यांतल्या बेटांची एक यादी चालवली आहे. समुद्र नाही मिळाला तर नदी. सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला बॅरेजचं पाणी अडवलं की तापीत एक उंचवटा सुटा पडतो. त्यावर सात बाभळी आहेत आणि उन्हाळ्यात शेळ्या जातात. हे बेट यादीत घालायचं, अशी आप्पांची इच्छा. नियम असा की सर्वांत अरुंद जागी पाणी निदान पाच मीटर रुंद पाहिजे आणि ते रेडिओशी संबंध नसलेल्या माणसाने रोजच्या रोज मोजून सही केली पाहिजे. पाणी तर रोज उतरत होतं.

"इतली घाई काब्रं?" मी विचारलं.

तेव्हा कुरुप मास्तरांचं नाव निघालं. केरळात राहतात. वय एक्क्याऐंशी. जन्मभर तारखात्यात टिंबं आणि रेघा वाजवण्यात गेला. आप्पांना मोर्स त्यांनीच शिकवलं, रेडिओवरून, रोज अर्धा तास, दोन वर्षं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. मास्तरांच्या यादीत नदीतली एकोणपन्नास बेटं झाली होती आणि पन्नासावं आप्पांना द्यायचं होतं. पण मास्तरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि मुलगी त्यांना आपल्या फ्लॅटवर नेणार होती. तिथे वायर बांधू देत नाहीत. सोमवारी दुपारी त्यांचं यंत्र खोक्यात जाणार होतं, कायमचं.

मी हसलो. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, यातल्या एकाही बेटावर पाय ठेवलेला नाही, आणि म्हणे एकोणपन्नास बेटं झाली. नकाशावर बोट ठेवलं म्हणजे ताबा मिळत नाही, हेच मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. तरी मी गेलो. मोजायचं म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

बेटावर नावेनेच गेलं पाहिजे, असा आप्पांचा हट्ट. त्यांनी सुकलाल भोईला नाव घेऊन बोलावलं होतं. दहा हात गेल्यावर नाव गाळात रुतली. तिघं उतरलो आणि ढकलत निघालो. म्हणजे बेटावर आम्ही नाव घेऊन चालत गेलो.

सुकलाल म्हणाला, "आप्पा, बैलगाडी बी चालती."

मागच्या बाजूच्या ओहोळावर मी टेप धरला. सहा मीटर दहा सेंटिमीटर. मी आकडा लिहीत होतो तेवढ्यात एक म्हैस माझ्या टेपखालून पलीकडे चालत गेली. तिचं पोट ओलं झालं नाही. आप्पांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिलं की मी म्हैस लिहिली नाही. म्हशीसाठी रकाना नव्हताच.

दोन बाभळींमध्ये वायर ताणली, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर यंत्र सुरू झालं आणि आप्पा ओरडायला लागले. अकरा वाजेपर्यंत एकसष्ट माणसांना त्यांनी एकसष्ट वेळा उत्तम गुण दिले. माझ्या मोबाईलला त्या बेटावर चार दांड्या होत्या.

"मास्तरांना फोन का नाही लावत?" मी विचारलं.

"फोनवर तं कोनी बी बोलस."

अकराला आप्पांनी माईक बाजूला ठेवला आणि मोर्सचं पितळी बटण पुढे ओढलं. माझ्यासाठी छोटा स्पीकर लावला. जरा वेळाने खरखरीतून टिकटिक यायला लागली. मला त्यातलं काही कळत नाही, पण वाजवणाऱ्याचा हात कापतोय हे मलाही कळलं. जिथे तीन टिंबं हवीत तिथे पाच-सहा सांडताहेत, असं आप्पा म्हणाले.

नियम असा की दोघांनी एकमेकांचं पूर्ण नाव आणि गुण बरोबर घेतले तरच ती भेट धरायची. आप्पा आपलं नाव वाजवायचे. पलीकडून मास्तरांच्या नावाचे तुकडे यायचे आणि शेवटी दरवेळी एकच आवाज, दोन टिंबं, दोन रेघा, दोन टिंबं.

"हाई काय शे?"

"प्रश्नचिन्ह. पुन्हा सांगा म्हनी ऱ्हायनात."

आप्पांनी पुन्हा सांगितलं. तेवीस वेळा. चाळीस मिनिटांनी टिकटिक थांबली आणि आप्पांचा मोबाईल वाजला. मास्तरांची मुलगी होती. हिंदीत म्हणाली, "पापा पूछ रहे हैं, हो गया क्या?"

आप्पांनी फोनवर हात ठेवला. मी त्यांना म्हणालो, "सांगी द्या व्हयनं म्हनीसन. मी सही करस."

हे मी म्हणालो. स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणून विश्वास ठेवतो.

ज्या माणसाने सकाळपासून एकसष्ट जणांना फुकटचे गुण वाटले होते, तो माणूस फोनवर म्हणाला, "नही हुआ. सर को बोलो, नाम पूरा नही आया. अधूरा है."

पलीकडे तिने मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं. मग फोनमधून एक घोगरा आवाज आला. मला वाटलं म्हातारा रडतोय. मुलगी म्हणाली, "हँस रहे हैं. बोल रहे हैं, करेक्ट. कल सुबह सात बजे आऊँगा, लेफ्ट हैंड से."

फोन बंद झाल्यावर मी आप्पांवर चिडलो. एका आजारी माणसाला एवढं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आप्पा वायर गुंडाळत होते. म्हणाले, "व्हयनं सांगतू तं मास्तर आजारी व्हई जातात, नाना. नही सांगं म्हनीसन त्या आजून ऑपरेटर शेतस."

निघताना मी पुन्हा टेप धरला. पाच मीटर साठ. सकाळपासून पाणी पन्नास सेंटिमीटर आत सरकलं होतं.

"सकायले पाच ऱ्हाई का?" आप्पांनी विचारलं.

"ऱ्हाई," मी म्हणालो. हे मी कशाच्या आधारावर म्हणालो ते विचारू नका.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सव्वासहाला आम्ही ओहोळावर होतो. टेप मी तीन वेळा धरला. पाच मीटर चार सेंटिमीटर. सुकलालला नावेपाशी थांबवलं आणि येणारी म्हैस अडवायला सांगितलं.

सातला टिकटिक आली. पहिलीतलं पोर पाटीवर अक्षर गिरवतं तशी. एक टिंब, मग थांबणं, मग रेघ. आप्पाही तेवढ्याच सावकाश वाजवत होते. चार वेळा प्रश्नचिन्ह आलं. पाचव्या वेळी आलं नाही. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं, वहीत एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली. सात वाजून एकोणीस मिनिटं. मी सही केली.

"झालं?" मी विचारलं.

"व्हयनं."

मोर्सवाल्यांची एक रीत आहे. बोलणं संपलं की एक जण दोन टिंबं वाजवतो, दुसरा उत्तरादाखल दोन वाजवतो, आणि मग दोघं यंत्र बंद करतात. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जातात, त्यातलाच प्रकार. मास्तरांची दोन टिंबं आली. आप्पांचं बोट बटणाच्या वर होतं. ते खाली आलं नाही.

"आप्पा, तुम्हना टिंब बाकी शेतस."

"माहीत शे."

"मंग वाजाडा ना."

"वाजाडं का मास्तर मशीन बंद करतीन," आप्पा म्हणाले.

सुकलालने काठावरून विचारलं, "आप्पा, व्हयनं का?" आप्पांनी दुसऱ्या हाताने त्याला गप्प बसायची खूण केली. स्पीकरमध्ये नुसती खरखर होती. चार मिनिटांनी मास्तरांची दोन टिंबं पुन्हा आली. आणखी पाच मिनिटांनी दोन टिंबं, दोन रेघा, दोन टिंबं. हा आवाज आता मलाही ओळखू येत होता.

"आठेच शे, सर," आप्पा अगदी हळू म्हणाले. बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे ते 'इथेच आहे' माझ्याशिवाय कुणालाही ऐकू गेलं नाही.

मी घड्याळ पाहिलं. सात वाजून एकतीस मिनिटं झाली होती आणि दोघंही अजून मशीनपाशीच होते.