उकडलेलं कुठलं, कच्चं कुठलं

बायको गेली हे काटेकाकांना खरं कळलं ते ज्या दिवशी उकडलेली आणि कच्ची अंडी त्यांनी एकाच ट्रेमध्ये ठेवली त्या दिवशी. ती असती तर क्षणात वेगळी करून दिली असती. कशी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

लेक वाटेवर होती. तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, आज मला नुसती उकडलेली अंडी करून घाला. तेवढंही जमलं नाही तर बॅग भरायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. मग कुरकुर नको."

काकांना हे घर सोडायचं नव्हतं.

सगळा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला, म्हणून त्यांनी काटा काढून अंडी तोलली. मोठं जड, लहान हलकं, यापलीकडे काटा काही बोलेना. शेवटी शेजारणीचं दार वाजवलं.

"अहो, फिरवून बघा! उकडलेलं भिंगरीसारखं फिरतं, कच्चं डुलतं. वहिनी तसंच करायच्या."

"मला कधी दिसलं नाही."

"पेपरातून डोकं वर काढलं असतं तर दिसलं असतं," शेजारीण बोलून गेली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

टेबलावरचं कापड सारून काकांनी एक अंडं फिरवलं. डुललं. म्हणजे कच्चं. बोट टेकवून थांबवलं, बोट उचललं, तर ते आपलं पुन्हा हळूहळू फिरायला लागलं. परत थांबवलं. परत फिरलं.

"अरे, थांब ना आता," काका म्हणाले. घरात मोठ्यानं बोलून बरेच दिवस झाले होते. मग ते त्याच्याशीच बोलत बसले, तोच दाराची बेल वाजली.

काका दचकले. अंडं घरंगळलं, ते झेलायला गेले, कोपर ट्रेला लागलं आणि ट्रेनं जमिनीवर लोटांगण घातलं. फुटून पसरली ती कच्ची, नुसती तडकली ती उकडलेली. इतकी चोख तपासणी काकांच्या हातून दुकानातही झाली नव्हती. त्यांनी तडकलेली धुतली, सोलली, फुटलेली टेबलाखाली सारली, टेबलाचं कापड पार खालपर्यंत ओढलं आणि दार उघडलं.

लेकीनं मीठ लावून दोन खाल्ली.

"जमतंय की तुम्हाला! मीच उगीच घोर लावून घेतला जिवाला."

"तेच सांगत होतो."

"मग बॅग नको भरायला?"

"नको."

"बरं, मग निघते मी. उजेडात पोचेन."

थांब म्हणावं असं काकांच्या फार मनात आलं. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? एकट्याचं भागतं, हे त्यांनीच आत्ता दाखवून दिलं होतं. ते दारापर्यंत गेले, कडी लावली आणि परत येऊन खुर्चीत बसले.

टेबलाखालचं अजून पुसायचं राहिलंय.