विहिरीची अमावास्या

पवनेच्या काठी, काळेवाडीपासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी आहे. एकोणीसशे पंचावन्नच्या माघात तिच्यापुढे एक तात्त्विक प्रश्न उभा राहिला. अमावास्येला विहिरीवर पाणी भरायचं नाही, ही रीत ठेवावी की मोडावी? पंचायतीचा सभासद या नात्याने मी सर्व चर्चेला हजर होतो. अधूनमधून जागाही होतो.

सरपंच सोपानराव पिंपरीच्या कारखान्यात शिफ्ट करणारे, म्हणजे प्रगतीचे. "रीतीचं कारण सांगा, नाहीतर रीत रद्द," ते म्हणाले.

वाडीतले वडीलधारे आबाजी उठले. "कारण आज्याला ठावं असंल. आमी पाळतो, येवढं पुरं हाय."

अज्ञान हा पुरावा धरता येत नाही, असा शेरा मारून सोपानरावांनी रीत रद्द केली.

चैत्रात विहीर गाळ देऊ लागली. महिन्यातून एक दिवस उपसा थांबे तेव्हा झरे भरत, गढूळपणा खाली बसे. तो दिवस आम्ही ठरावाने खाल्ला होता. रीत परत आली आणि आबाजींचा शब्द प्रमाण झाला. इथवर मला आबाजींचा अभिमान वाटतो. खरंच वाटतो.

मग रहाट पेलणारी आडवी तुळई कुजली. रोज पाणी ओढणाऱ्या रुक्मिणीबाई पंचायतीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुळई करकरतीया. एखादी बाई आत जाईल. बदला."

"आज्यानं घातलेली हाय," आबाजी म्हणाले. "मागच्या खेपेला रीतीला हात लावला, काय झालं?"

मागच्या खेपेला पोळलेल्या सोपानरावांनी सर्वांआधी मान डोलावली. ठराव झाला: तुळई कुजू देण्यामागे पूर्वजांचा काय हेतू होता, याचा उलगडा होईपर्यंत तिला कुजू द्यावं. खबरदारी म्हणून बायकांनी अर्धीच घागर ओढावी.

अर्ध्या घागरीमुळे खेपा दुप्पट झाल्या. तुळई जास्तच करकरू लागली. म्हणून पाव घागरीचा ठराव झाला. ज्येष्ठात अंगाने हलक्या बायकांनीच विहिरीवर जावं, असंही ठरलं.

आषाढात तुळई मोडली. रुक्मिणीबाई कठड्यावर आपटल्या आणि उजवा हात कायमचा अधू झाला.

आम्ही सगळे बघायला गेलो. आबाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय ठेवावं आन् काय मोडावं, हे कळावं तरी कुनाला?"

"मला कळत व्हतं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "अमावास्येला गाळ बसतो, हे सासूबाईंनी सांगितलेलं. तुळई मामंजींनी दोनदा बदलली, ते मी बघितलंया. आमी बाया रोज तितंच असतो. पर तुमी इचारलं कवा?"

बायकांना न विचारण्याच्या रीतीचं कारणही कोणाला ठाऊक नव्हतं. पण ती मोडावी असं सोपानरावांना सुचलं नाही आणि ती राखण्यासाठी आबाजींना तोंड उघडावं लागलं नाही. बाहेर येऊन आम्ही पुरुषांनीच नवी तुळई एकमताने मंजूर केली.

तुम्ही हसत असाल. तुमच्या घरी पाणी कोण भरतं, तिला एकदा विचारा आणि मग हसा.