नागण्णांचे चौदा फॅन

नागण्णांचं नवीन गाणं प्रसिद्ध झालं की ते आमच्या दारात येऊन उभं राहतं. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजते. दार उघडावं तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात नागण्णा, एक हेडफोन गळ्यात, दुसरा हातात, आणि दोन्ही एकाच फोनला जोडणारी दुतोंडी वायर खिशातून लोंबत असते. "अक्का, रिलीज आहे," एवढं सांगून ते चपला काढतात. मला खुर्चीत बसवतात, हेडफोन देतात, समोर स्टूल ओढतात आणि गाणं संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहतात. इतका वेळ माझ्याकडे लग्नाआधी बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा बघितलं नव्हतं.

बसवनगुडीत आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो ते घर त्यांचं. खाली ते एकटे राहतात. पूर्ण नाव नागोजीराव. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हीची मिसळ. मी सांगलीची. नऊ वर्षांपूर्वी सामानाचा ट्रक घेऊन आले तेव्हा "या अक्का, स्वल्प कॉफी घ्या" असं त्यांनी स्वागत केलं होतं. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, पण अक्का मीच. पहिल्या आठवड्यात वाईट वाटलं. आता बाकी कुणी नावानं हाक मारली तरच चमकायला होतं.

सगळं जग गाणी इंटरनेटवर टाकतं, मग तुम्हीच का घरपोच देता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेही करून झालं होतं म्हणे. भाच्यानं एक गाणं टाकलं आणि वर एक आलेखही दाखवला. बरेच लोक अकराव्या सेकंदाला निघून गेले होते. भाचा म्हणाला, हे नॉर्मल आहे. नागण्णांना ते नॉर्मल वाटेना. कोण गेलं, का गेलं, अकराव्या सेकंदाला असं काय झालं, हे विचारून त्यांनी भाच्याला दोन दिवस हैराण केलं. गेलेल्या माणसांची नावं मिळत नाहीत हे कळल्यावर त्यांनी गाणं काढून घेतलं. "समोर बसलेला माणूस उठून गेला तर दिसतो तरी," असं त्यांचं म्हणणं.

तेव्हापासून त्यांचे फॅन मोजून चौदा. ते 'फ्यान' म्हणतात. गल्लीतले पाच, देवळाजवळचे तीन, चिकपेटेतला एक साड्यांचा ठोक व्यापारी, असे करत करत शेवटचा देवनहळ्ळीत. तो त्यांचा मावसभाऊ. त्याच्या शेताचे आता प्लॉट पडलेत आणि तो उरलेल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो. त्याला साडेचार मिनिटांचं गाणं ऐकवायला नागण्णा दोन बस बदलून अर्धा दिवस घालवतात. फोनवर पाठवा की, असं म्हटलं तर त्यांना राग येतो.

गाण्यांना ते गाणी म्हणत नाहीत, प्रकल्प म्हणतात. मागच्या वर्षी बेल प्रकल्प होता. गल्लीतल्या प्रत्येक घराची बेल रेकॉर्ड करून त्यातून एक सबंध गाणं बांधायचं. तीन दिवस गल्लीत बेला वाजत होत्या. बायका हात पुसत दार उघडत, तर समोर नागण्णा माइक धरून उभे. तोंडावर बोट. कुणी काही विचारलं तर कपाळावर हात मारत, कारण तो आवाजही आत गेलेला असे. आमची बेल त्यांनी बावीस वेळा वाजवली. तिची बॅटरी उतरत आली होती आणि ती स्वल्प खाली लागते, अशी त्यांची तक्रार होती. मी नवी बॅटरी आणून घातली तर त्यांना ते आवडलं नाही. जुनीच बरी होती, म्हणाले.

आता माझं खरं सांगते. सहा वर्षं मी त्यांची फॅन आहे आणि सहा वर्षांत त्यांचं एकही गाणं मी ऐकलेलं नाही. कानांवर हेडफोन असतो, एवढंच. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन येऊन रोजचे चार तास रस्त्यावर. नवरा हैदराबादला, पंधरा दिवसांनी येतो. घरात सासूबाई, ज्यांना मी कोण ते सकाळी आठवतं आणि दुपारी आठवत नाही. अशा घरात त्या पाच मिनिटांत मला कुणी हाक मारू शकत नाही, हाच मला त्या संगीतातला सर्वांत गोड भाग वाटे. मी डोळे मिटून गॅसचा नंबर लावायचा राहिलाय का, गोळ्या संपत आल्यात का, सोमवारी साहेबांना काय सांगायचं, याची उजळणी करी. डोळे मिटलेले बघून नागण्णांना वाटे, रंगली आहे.

गाणं संपलं की ते पुढे वाकून विचारतात, "तप्पु सांगा, अक्का." तप्पु म्हणजे चूक. आणि मी दर वेळी म्हणते, "नाही हो, छान झालंय." त्यावर ते "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणतात, वायर गुंडाळतात आणि पुढच्या घरी जातात. जाताना खांदे जरा उतरलेले असतात. पुष्कळ दिवस मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

ते गुडघे नव्हते, हे मला या जानेवारीत कळलं. मला पडद्यांचं कापड घ्यायचं होतं, त्यांचं चिकपेटेत रिलीज होतं, म्हणून आम्ही मेट्रोनं बरोबर गेलो. व्यापाऱ्यानं आदरानं गादीवर बसवलं, कॉफी मागवली, एका कानाला हेडफोन लावला आणि दुसऱ्या कानानं गिऱ्हाईकाशी भाव ठरवत राहिला. संपल्यावर तप्पु विचारला तर म्हणाला, फर्स्ट क्लास. नागण्णांनी वायर गुंडाळली. परतीच्या मेट्रोतही त्यांचे खांदे तसेच उतरलेले. मी म्हटलं, एवढी तारीफ झाली आणि तुम्ही असे काय बसलात?

तेव्हा त्यांनी सांगितलं की तीस वर्षं ते बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. बेअरिंग हातात घ्यायचं, कानाशी धरून फिरवायचं, खरखर आली की बाजूला टाकायचं. दिवसाला शेकडो. कंटाळलेला तपासनीस असला की त्याच्या टेबलावरून सगळे नग पास होत. म्हणून साहेब पहिल्यांदा त्यालाच पकडत.

"एकपण तप्पु निघाला नाही म्हणजे माल चांगला, असं नाही, अक्का," ते म्हणाले. "कुणी बघितलंच नाही, असं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चौदा जणांनी सहा वर्षांत एक तप्पु काढला नाही. मी तेवढा मोठा संगीतकार नाही."

मी पडद्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की आता एकच रिलीज, मग बंद. कीबोर्ड, माइक, सगळं देवळाच्या भजनी मंडळाला देऊन टाकणार. फ्यान लोकांना त्रास कशाला. हो, एकानं जरी तप्पु सांगितला तर विचार करू, असंही म्हणाले, पण ते हसून. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हायसं वाटलं. रविवारचं एक काम कमी झालं, असा विचार मनात आला आणि मग त्या विचाराची लाज वाटली.

शेवटचं रिलीज पंधरा दिवस चाललं. शेवटचं म्हटल्यावर लोकांनी कौतुकात हात राखला नाही. एकीनं ओवाळलं. देवनहळ्ळीच्या भावानं शाल दिली. अप्रतिम, अलौकिक, असे मोठमोठे शब्द निघाले. तप्पु मात्र कुणाच्याही तोंडून निघाला नाही. मी चौदावी, सगळ्यांत जवळची म्हणून सगळ्यांत शेवटी.

त्या आठवड्यात सासूबाईंना ताप होता आणि माझी चार दिवस धड झोप नव्हती. नागण्णा आले, मी खुर्चीत बसले, हेडफोन लावला. या वेळी मन लावून ऐकायचं, काहीतरी चूक काढायचीच, असं मी ठरवून बसले होते. कुठेतरी भांड्यांचा आवाज झाला एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. हेडफोन कानांवर नव्हता, अंगावर चादर होती. आतल्या खोलीत नागण्णा सासूबाईंना चमच्यानं पेज भरवत होते आणि सासूबाई त्यांना आपला भाऊ समजून माहेरच्या म्हशींची चौकशी करत होत्या. म्हशी बऱ्या आहेत, दूध देतात, असं ते सांगत होते. मला बघून उठले. मी ओशाळले, आणि तोंडातून सवयीनं निघालं, "छान होतं हो."

"सरी, अक्का," ते म्हणाले. "झोपलात, ते बरं झालं." वाटी मोरीत ठेवली, वायर गुंडाळली आणि जिना उतरून गेले.

मला त्यांचा राग चालला असता. सहा वर्षं मी एका माणसाला फसवत आले होते आणि तो माझ्यावर चादर घालून गेला होता. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तशी मी खाली गेले. ते माइकचा स्टँड दुमडत होते. मी म्हटलं, नागण्णा, मी आजच नाही, कधीच ऐकलं नाही. एकदा परत लावता?

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हेडफोन पुसून दिला. या वेळी समोर बसले नाहीत, खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

सुरुवातीला स्वयंपाकघर होतं. तवा, उलथनं, भांडी. त्यावर कीबोर्डची दोन-तीन सुरांची साधी चाल. मग एका बाईनं हाक मारली, "दादा, जेवायला या." आवाज नागण्णांचाच, कॉम्प्युटरवर बारीक केलेला, पण थोड्या वेळानं ते विसरायला झालं. दुसरी हाक डाव्या कानात, परसदाराकडे: यमुने, ये गं. मग वर गच्चीकडे: बाळू, चंपी, चला. मग आत्याला, मग दारातल्या काकांना. प्रत्येक हाकेबरोबर चाल एकेक सूर वाढत जात होती. ही नावं मी त्यांच्या बोलण्यात ऐकलेली होती. त्यातलं आता कुणी नाही. एक बहीण आहे ती अमेरिकेत. पण गाण्यात सगळे घरात होते, कुणी कुठे, कुणी कुठे, आणि त्यांची आई एकेकाला बोलावत होती. पाटांचा आवाज झाला, ताटं लागली आणि गाणं संपलं.

माझे डोळे भरून आले होते. पण काहीतरी खटकत होतं. मी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बोटांवर हाका मोजत ऐकलं.

"तप्पु आहे," मी म्हटलं.

ते गर्रकन वळले. चष्मा काढला, परत घातला. "कुठे? कितव्या मिनिटाला?"

"सगळ्यांना हाक आहे. तुम्हाला नाही. पंगत बसली आणि नागू बाहेरच राहिला."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "माहीत आहे. ती मारून बघितली, अक्का. माझ्याच आवाजात मला. होत नाही."

त्यांनी दुमडलेला स्टँड परत उघडला. मला काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. माइकसमोर उभी राहून म्हटलं, "नागण्णा, जेवायला या."

"तप्पु," ते लगेच म्हणाले. "आई मला 'या' म्हणेल काय?" चेहरा एकदम उजळला होता, आणि बाकी मी काय सांगू, माणसाला चुका काढताना इतकं सुखात मी कधी बघितलं नाही. दुसऱ्या वेळी माझ्या आवाजात घाई होती. तिसऱ्या वेळी म्हणाले, ही ऑफिसातली हाक आहे, फाइल मागितल्यासारखी. चौथ्या वेळी त्यांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं. माइक बाहेरच राहील, तुम्ही लांबून मारा. तिकडे काम आहे, हात गुंतलेत, आणि धाकटा कुठे गेलाय ते माहीत नाही, अशी मारा. आणि हाक मारून झाली की कुणी हूं की चूं करायचं नाही.

मी त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. पाय दुखत होते, वर सासूबाई उठायची वेळ झाली होती. मी दिवसभर कुणाकुणाला हाका मारते, पण अशी कुणाला मारून वर्षं झाली होती. मी ओट्यावर हात टेकले आणि हाक मारली, "नागू, ये रे जेवायला."

बाहेरच्या खोलीतून लगेच उत्तर आलं, "आलो, आई."

जरा वेळानं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि नागण्णा बाहेरूनच घोगऱ्या आवाजात म्हणाले की हा टेक वाया गेला, तप्पु माझा होता, अक्का, परत एकदा मारा.

मी परत मारली. त्यांनी परत ओ दिली.