निरोगी म्हातारा पाहिजे

मेश्राम बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, कानशिलाकडे बघतो. इथे सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये भेटला की आधी माझं कानशील, मग मान, आणि सगळ्यात शेवटी "नमस्कार, काकाजी." खाटकानं बकरा बघावा तसा!

हा नागपूरचा पोरगा वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. युनिव्हर्सिटीत डॉक्टर आहे म्हणे, पण औषध देत नाही. निरोगी म्हातारे गोळा करतो, मशीनमध्ये घालतो आणि त्यांच्या मेंदूत रक्त किती वाहतं ते मोजतो. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "वय झालं की मेंदूतलं रक्त कमी वाहते, काकाजी. धडधाकट माणसाचंपण."

"तुझ्या ओळखीच्यांचं होत असेल!" मी म्हणालो.

अरे, मी चौथी नापास असेन, पण जन्मभर वेल्डिंग केलंय. हा कालचा पोर मला रक्त कमी म्हणतो? चिडलो, तर म्हणे, "नॉर्मल आहे, काकाजी." त्याला सगळंच नॉर्मल. नाव आठवेना, नॉर्मल. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला, नॉर्मल.

शेवटी त्याचं तोंड बंद करायला मशीनमध्ये झोपायला तयार झालो. तर अटी त्याच्याच! सकाळपासून चहा नाही. चहानं मेंदूतलं रक्त आणखी कमी होतं, मोजणी चुकते म्हणे. त्या सकाळी मी घरात सगळ्यांवर खेकसलो.

तो न्यायला आला. आलेल्या माणसाला चहाशिवाय उठू देणं आमच्या सूनबाईला जमत नाही. तिनं सवयीनं दोघांपुढे कप ठेवले. वाटलं, हा आता ओरडणार. तर हा बशीत ओतून फुरके मारतोय! मग मी का मागे राहू?

माझा कप संपल्यावर तो दचकला. "काकाजी, तुम्ही चहा प्यालात?"

"तू समोर बसून ढोसलास, गाढवा! आणि आता माझंच रक्त कमी निघणार!"

तो हसला नाही. "आई गेल्यापासून न विचारता कुणी चहा समोर ठेवला नव्हता," म्हणाला. मग हळूच, "बाबा तिकडे एकटे असतात. फोनवर तेच तेच विचारतात. वयानंच असेल ना, काकाजी? नॉर्मलच ना?"

"मला काय विचारतोस? डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"दुनियेचे म्हातारे तपासतोस, आणि स्वतःचा बाप नाही?"

"काही निघालं तर?"

असा संताप आला! "लाव फोन," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

त्यानं लावला. "जेवला का रे?" पलीकडून आवाज आला. "हो, बाबा." जरा वेळानं पुन्हा, "जेवला का रे?" मी फोन ओढून घेतला.

"मी त्याचा इथला काका बोलतोय. तो येतोय तिकडे. तुम्हाला मोठ्या डॉक्टरकडे नेणार आहे."

"येऊ दे," म्हातारा म्हणाला. "पण जेवला का तो?"

"जेवतोय," मी म्हणालो, आणि सूनबाईला ताट वाढायची खूण केली.