चटणीचा च

तात्यांना पुस्तक विकत घ्यायचं असलं, की ते दुकानदाराला नाव सांगत नाहीत, खुणा करतात. बारामतीच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. तात्यांनी आधी दोन्ही हातांनी लाटा केल्या. मग लाटांवर जहाज सोडलं. मग ते बुडवलं. दुकानदाराला वाटलं, माणूस मुका आहे. त्यानंही बिचाऱ्यानं खुणांनीच विचारलं, जाड पाहिजे का पातळ? शेवटी तात्या वैतागून म्हणाले, "आवो, ते आपलं हे द्या की! बुडतंय ते!" दुकानदार दचकला आणि त्याच्या हातातला गठ्ठा खाली पडला.

मी तोवर दहावीच्या गाईडांपाशी सरकले होते. ह्या गृहस्थांची आणि आपली काही ओळख नाही, असा चेहरा करून.

तात्या माझे सख्खे चुलते. शेळगावला त्यांचं डाळिंब आहे, आणि डाळिंबात जेवढी झाडं तेवढी घरात पुस्तकं आहेत, असं माझी आई म्हणते. ती हे कौतुकानं म्हणत नाही. "भावजींचं लगीन कवाच लागलंय पुस्तकासंगं. नांदवतीया मी!" तात्यांचं दुसरं लग्न, म्हणजे माणसाबरोबरचं, राहूनच गेलं.

वाचायला ते ट्रॅक्टरवर बसतात. शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर, गादीची सीट, वर पत्र्याची सावली, पाय क्लचवर. खूण म्हणून पानात ठिबकच्या नळीचा चिरून चपटा केलेला तुकडा. वाचताना गोष्टीत पळापळी सुरू झाली, की हात आपोआप गिअरवर जातो. बांधावरून जाणारे विचारतात, "तात्या, कुठवर आला?" तात्या पानाकडं बघून म्हणतात, "निम्म्यात."

पण वाचलेलं सांगायला बसले, की गाडी अडते. "त्या राजानं मग त्याला ते आपलं हे दिलं. अन् त्यानं ते घिऊन सरळ ते आपलं हे केलं." सगळा मजकूर 'आपलं हे' मध्ये. गावात त्यांना 'आपलं-हे तात्या' म्हणतात. शाळेनं एकदा चार शब्द बोलायला बोलावलं तर हे टोपी घालून गेले, मुलांना पेरू वाटले आणि परत आले. लोक म्हणाले, शिष्ट आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. बारामतीत कॉलेज केलं, तिथंच नोकरी धरली. पहिल्या वर्षाला वर्गात माझं 'आमी' आणि 'तुमी' ऐकून पोरी हसल्या होत्या, तेव्हा मी जीभ घासून घेतली. आज मी बोलले तर मी शेळगावची आहे हे कुणाला ओळखू यायचं नाही. ह्याचा मला अभिमान आहे. आहे म्हणजे, ह्या मे महिन्यापर्यंत होता.

दर मे महिन्यात तात्यांचा 'सप्ता' असतो. सप्ताह म्हटल्यावर पाहुणे टाळ-वीणा शोधतात, पण हा पुस्तकांचा सप्ताह. आम्ही सगळ्यांनी शेळगावला राहायला जायचं. मोबाईल ज्वारीच्या डब्यात. सकाळी ज्यानं त्यानं वाचायचं, दुपारी पत्ते, सापशिडी, नाव-गाव-फळ-फूल, आणि दिवेलागणीला 'सवाल'. सवाल तात्यांनी चिठ्ठ्यांवर लिहिलेले. भिगवणच्या पाण्यावर येणाऱ्या त्या लांब पायांच्या पाखराला मराठीत काय म्हणतात? शहामृगाचं अंडं उकडायला किती वेळ लागतो? हरेल त्यानं भांडी घासायची. माझे यजमान, विकास, शहामृगाच्या अंड्यापायी ढीगभर भांडी घासून बसलेत. तरी म्हणतात, "सासुरवाडी असावी तर अशी."

डमशराजमध्ये मात्र तात्यांना कुणी हरवू शकत नाही. बोटं नुसती हलवली तरी समोरच्याला सिनेमा कळतो. विकास म्हणाले, "तात्या, शिकलात कुठं हे?" तात्या म्हणाले, "पाव्हणं, जल्मभर हेच केलं की." आम्ही सगळे हसलो.

ह्या वर्षी मी सप्त्याला एक काम घेऊन गेले होते. आमची गार्गी तिसरीत गेली. तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं, "हुशार आहे, पण मोठ्यानं वाचायला उभं केलं की तोंडच उघडत नाही. सुट्टीत जरा बघा." बघा म्हणजे काय, मी तर रोजच बघत होते! रोज तिला पुढ्यात घेऊन बसत होते. "'पानी' नाही, 'पाणी'. परत. 'न्हाई' नाही, 'नाही'. परत." पुढं पुढं ती पुस्तकच उघडेनाशी झाली. मला वाटलं, आळस.

सप्त्यात एका संध्याकाळी सवालाची चिठ्ठी वाचायची पाळी गार्गीची आली. तिनं चिठ्ठी उलगडली, बघितली आणि गप्प बसली.

"वाच," मी म्हणाले.

तिनं चिठ्ठी तोंडासमोर धरली.

"अगं, येतंय तुला. पहिलं अक्षर काय आहे?"

तर पोरीनं चिठ्ठी सरळ तोंडात घातली आणि चावून गिळली!

आई ओरडली, विकास पाणी घेऊन धावले. तात्या शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ज्याच्या पोटात सवाल, त्याच्याच पोटात उत्तर. भांडी माफ."

मला अशी लाज वाटली! पोरीची, तात्यांची, सगळ्या घराचीच. लाज वाटली की मी फटकन बोलते. "मग तुम्हीच वाचून दाखवा ना, तात्या. मोठ्यानं. एवढी पुस्तकं आहेत घरात, एक पान तरी ऐकू द्या तिला!"

तात्यांनी खिसे चाचपले. "चष्मा... चष्मा कुठं ऱ्हायला बाबा," असं पुटपुटत उठले आणि बाहेर गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाळवण उलटायला अंगणात गेले, तर शेडमधून आवाज आला. आधी मला वाटलं, रेडिओ. मग ओळखला. ट्रॅक्टरवर तात्या, मांडीवर गार्गी, आणि तात्या मोठ्यानं वाचत होते. एकेका शब्दावर पाय ठेवून, ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसं.

"राजानं त्याला सोन्याचा चषक दिला."

चषक म्हणाले, पण चटणीचा च लावून. आपल्याकडं च दोन, लिहायला अक्षर एकच. चटणीचा वेगळा, चंद्राचा वेगळा. चषकाला चंद्राचा लागतो हे मी कॉलेजात शिकले होते, आणि माझी जीभ दुरुस्तीला टाळ्यापर्यंत पोचलीसुद्धा. तेवढ्यात गार्गी खदखदून हसली.

"तात्याआजोबा, चटणीचा नाही! चंद्राचा! टीव्हीवर म्हणतात की, विश्वचषक!"

मी डोळे मिटून घेतले. आता तात्या उतरणार, पुस्तक मिटणार, चष्मा शोधणार.

"व्हय का?" तात्या म्हणाले. कान लालबुंद झाले होते त्यांचे, मला लांबूनसुद्धा दिसत होते. "मग आता म्होरलं तू वाच बाई. मी कुठं चुकलो त्ये तुला कळतंय."

गार्गीनं वाचलं. सबंध पान. त्यात एकदा 'पानी' म्हणाली, एकदा 'लोनी'. मी हातातली कुरडई तशीच धरून उभी होते. कुरडईचा चुरा झाला, पण मी बोलले नाही.

निघायच्या दिवशी पोरीला गाडीत बसवून मी तात्यांच्या पाया पडले आणि हळूच म्हणाले, "तात्या, पोरीसाठी मुद्दाम चुकलात ना?"

"मुद्दाम कशापायी चुकू?" तात्या म्हणाले. "मला खरंच ठावं न्हवतं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"असलं शब्द हितं बोलतंय कोण?" ते मातीकडं बघत म्हणाले. "वहिनी बोलत्यात का खतवाला बोलतोय? जल्मभर वाचलं, पन कुनाच्या तोंडून आयकलं न्हाय. बाजारात रोज दिसनाऱ्या मानसागत हाय बघ. तोंडावळा वळखीचा, पन हाक काय मारायची त्ये म्हाईत न्हाय. मारली अन् चुकली, की समदी हसत्यात."

"मग मला विचारायचं ना, तात्या. एवढी वर्षं मी येतेय."

"तुला व्हय?" तात्या हसले. अगदी मायेनं हसले, म्हणूनच ते मला अजून सोसत नाही. "तू लगीच दुरुस्त करतीस गं."

विकासनी हॉर्न दिला. मी वळले, तशी तात्यांनी खिशातून पुस्तक काढलं, ठिबकच्या तुकड्यापाशी उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "आता इचारतोच. ह्यो शब्द. ह्यातला झ झाडाचा का झेंड्याचा?"

शब्द होता झंझावात.

मी तोंड उघडलं. मनात एकदा झाडाचा लावून बघितला, एकदा झेंड्याचा. दोन्ही बरोबर वाटले. मग दोन्ही चूक वाटले. घरातली पहिली पदवीधर मी, डाळिंबाच्या बांधाला उभी, आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस पुस्तक धरून माझ्या तोंडाकडं बघतोय.

"ठावं न्हाय, तात्या," मी म्हणाले.

गाडीच्या खिडकीतून गार्गी ओरडली, "आई! 'ठावं न्हाय' नाही, 'माहीत नाही'. परत!"

तात्या माझ्याकडं बघत होते.

मी परत म्हणाले, "ठावं न्हाय."