हरणाच्या जागी टीव्ही

हार्लन गुंडरसनच्या बैठकीच्या खोलीत, फायरप्लेसच्या वर, कित्येक वर्षं एक हरिण होतं. म्हणजे हरणाचं मुंडकं. हार्लननं तरुणपणी स्वतः मारलेलं, काचेच्या डोळ्यांचं, शिंगांचे फाटे पार छताला टेकतील एवढं. त्याची बायको लव्हॉन त्याला 'कर्नल' म्हणायची आणि नाताळ आला की शिडी लावून त्याच्या शिंगांवर लाल टोपी चढवायची. लव्हॉन गेली त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. कर्नल तेवढा उरला होता, पण तो काही बोलणाऱ्यातला नव्हता.

मग त्या डिसेंबरात फिनिक्सहून लेकीनं टीव्ही पाठवला. खोकं असं अगडबंब की दारातून आडवं जाईना, उभं जाईना. शेवटी तिरकं करून, चौकटीचा रंग खरवडत आत घ्यावं लागलं.

"बाबा, तो जुना डबा टाकून द्या आता," कार्लीन फोनवर म्हणाली. "हा लावा भिंतीवर. तेवढीच तुम्हाला सोबत होईल."

"अगं, त्यापेक्षा तूच ये की चार दिवस."

"येणार ना! उन्हाळ्यात नक्की."

नक्की हा शब्द तिनं मागच्या वर्षीही वापरला होता. हार्लननं तो विषय काढला नाही. लेकरू लांब राहतं, त्याला कशाला टोचून बोलायचं?

टीव्ही टांगायला मेहुणा आला, ड्वेन. आमच्या गावात ज्याच्याकडे ड्रिल असतं तो स्वतःला इंजिनिअर समजतो, आणि ड्वेनकडे तर दोन ड्रिल होती. त्यानं भिंतीकडे पाहिलं, कर्नलकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"कर्नलला गॅरेजात ठेव. त्याचेच बोल्ट वापरू. अरे, या बोल्टांना हत्ती टांगलास तरी हलायचे नाहीत!"

"जरा उंच नाही का होणार?"

"उंच? खाली आग पेटणार, वर टीव्ही. जितका लांब तितका बरा. का भाजून खायचाय तुला?"

हा युक्तिवाद ऐकून हार्लन शिडी घेऊन आला. टीव्ही चढला. दोघं बिअरच्या बाटल्या घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. वा! काय दिसतोय! आता दोन उभ्या माणसांना टीव्ही झकास दिसला म्हणून बसलेल्याला दिसेलच असं नाही, हे लव्हॉन असती तर तिनं स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं असतं. पण ती नव्हती, आणि ड्वेन बाटली संपवून घरी गेला.

रात्रीचं जेवण मांडीवर घेऊन हार्लन सोफ्यावर बसला आणि त्याला बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकपुड्या दिसल्या. त्यांच्या वर आणखी काही असेल तर ते बघायला मान एवढी मागे टाकावी लागत होती की तोंड आपोआप उघडायचं. चार घासांत दोनदा ठसका लागला.

आता हार्लन हा हातपाय गाळणारा माणूस नव्हता. त्यानं मागे कलणारी खुर्ची आणून पाहिली. तिच्यात टीव्ही छान दिसायचा, पण बसल्याबरोबर हार्लन घोरायला लागायचा. मग त्यानं गॅरेजातले सिमेंटचे ठोकळे आणले आणि सोफ्याच्या चारही पायांखाली सारले. सोफा खिडकीला पाठ करून सिंहासनासारखा उभा राहिला. वर चढायला स्टूल, चढल्यावर पाय लोंबकळलेले. शनिवारी फुटबॉलच्या ऐन रंगात त्यानं टाळी वाजवायला दोन्ही हात सोडले आणि महाराज सिंहासनावरून थेट गालिच्यावर आले. ठोकळे परत गॅरेजात गेले.

त्या दिवसांत एक विचित्र प्रकार व्हायचा. हार्लननं मध्येच चॅनल बदललं की रस्त्यापलीकडे, उतारावरच्या आर्डिस कोवाल्केच्या घराचा पोर्चमधला दिवा भराभर लागायचा नि विझायचा. हवामानाच्या बातम्यांआधी टीव्ही बंद केला तर फारच. म्हातारीच्या घरची वायरिंग गेली वाटतं, असं हार्लनला वाटायचं. एकदा सांगायला हवं तिला. पण नवरा गेल्यापासून आर्डिस कुणाकडे जात नसे, आणि लव्हॉन गेल्यापासून हार्लनकडे कुणाशी बोलायला निमित्त नसे. बर्फ उपसताना दोघं एकमेकांना फावडं उंचावून दाखवत, की झाली ओळख.

जानेवारीत मान आखडली ती वरच्या वर. खाली येईचना. चर्चमध्ये पास्टर लुंडेंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"हार्लन, हल्ली तुमची नजर सारखी वर लागलेली असते. फार बरं वाटलं बघून."

"पास्टर, मान खाली येत नाहीये हो."

"येऊ देऊच नका!" पास्टर गहिवरून म्हणाले.

शुक्रवारी क्लबात तळलेले मासे खायला गेला तर छताकडे बघत बसावं लागलं, आणि अख्ख्या क्लबाला वाटलं, छत गळतंय. शेवटी हाडवैद्याकडे गेला. त्यानं मान अशी कडकन मोडली की बाहेर बसलेली बाई आपली पाळी सोडून निघून गेली. मग मानेला पट्टा घालून तो म्हणाला, "टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर असावा. साधी गोष्ट आहे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही माझ्याकडे येता कशाला?"

पट्ट्यामुळे एक मात्र झालं. हार्लनच्या घरी माणसं यायला लागली. जो तो यायचा, सोफ्यावर बसायचा, वर बघायचा, "अरे बापरे" म्हणायचा आणि सल्ला द्यायचा. हार्लन कॉफी टाकायचा. लव्हॉनचे निळे कप पुन्हा बाहेर निघाले. पण गाव ते केवढं! सगळ्यांचे सल्ले देऊन झाले आणि येणं थांबलं. त्यानंतरही तो रोज दुपारी जास्तीची कॉफी टाकत राहिला, आणि संध्याकाळी मोरीत ओतत राहिला. मानेचं दुखणं परवडलं, पण हे नको, असं त्याला फार वाटायचं. पण हे कुणाला सांगणार? लेकीला सांगितलं असतं तर तिनं आणखी मोठा टीव्ही पाठवला असता.

शेवटी त्यानं ड्वेनला बोलावलं. "उतरव बाबा एकदाचा. कोपऱ्यात टेबलावर ठेवू, नजरेसमोर."

ड्वेन कुरकुरत आला. "मी तेव्हाच म्हणालो होतो, उंच होतोय म्हणून," असं बेधडक सांगून त्यानं टीव्ही उतरवला. तो दोघांच्या हातात अधांतरी असतानाच दार वाजलं.

दारात आर्डिस. अंगावर नवऱ्याचा कोट, पायात घरातल्या सपाता, त्यांत बर्फ भरलेलं, हातात कापडात गुंडाळलेलं हॉटडिशचं, म्हणजे भाजलेल्या मांस-बटाट्याचं, भांडं. ती धापा टाकत होती.

"बिघडला का हो?"

"काय?"

"टीव्ही!"

"नाही, नाही. खाली घेतोय. मानेमुळे."

"किती खाली?"

"बसून दिसेल इतका."

आर्डिसचा चेहरा असा उतरला की हार्लननं घाईनं टीव्ही सोफ्यावर टेकवला. एक टोक ड्वेनच्या पायावर टेकलं, पण त्याच्या ओरडण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"म्हणजे संपलंच," ती म्हणाली. "माझं घर उतारावर ना. खालून मला तुमच्या खिडकीतून वरचीच भिंत दिसते. माझ्या टीव्हीचं चित्र गेलंय पानगळीपासून, नुसता आवाज येतो. चित्र मी तुमच्याकडचं बघते आणि आवाज माझा लावते. आमच्या ह्यांची बदकं मारायची दुर्बीण आहे, तिच्यातून अगदी स्वच्छ दिसतं." तिनं सपातांतलं बर्फ झटकलं. "फक्त तुम्ही चॅनल फार बदलता."

हार्लनच्या डोक्यात प्रकाश पडला. पोर्चचा प्रकाश. "म्हणजे तो दिवा..."

"मग काय करणार? परवा मालिकेतला डॉक्टर त्या पोरीला खरं सांगणार, तेवढ्यात तुम्ही कुस्ती लावलीत! आणि तो सोफा उंच केलात तेव्हा तर हाइटच! पडद्याच्या खालच्या पट्टीवर तुमचं टक्कल. मला आठवडाभर तापमान कळलं नाही."

ड्वेन पाय चोळत म्हणाला, "अहो बाई, सरळ नवा टीव्ही घ्या की!"

"बघीन," आर्डिस म्हणाली. मग हार्लनकडे न बघता, भांड्यावरच्या कापडाची गाठ सोडत म्हणाली, "पण नुसत्या टीव्हीत काय आहे? इथं बघितलं की कळायचं, समोर कुणीतरी जागं आहे. तोच कार्यक्रम बघतंय. आधी ते हरिण दिसायचं मला. त्याला टोपी घातली की लव्हॉन खिडकीतून हात करायची, दिसली का म्हणून. बरं, जाते मी. भांडं सावकाश द्या."

हार्लनला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिडी त्यानंच धरली होती, आणि टोपी कुणासाठी चढते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मानेला पट्टा होता, म्हणून तो अंगासकट भिंतीकडे वळला.

"ड्वेन," तो म्हणाला, "चढव परत."

"कुठं?"

"कर्नलच्या जागी."

ड्वेननं त्यावर जे काही म्हटलं ते पास्टर लुंडेंच्या कानावर गेलं असतं तर त्यांची नजर आठ दिवस वर लागली असती. पण टीव्ही चढला. पुन्हा त्याच बोल्टांवर.

त्या संध्याकाळी हार्लननं टीव्ही लावला, आर्डिसच्या डॉक्टरचं चॅनल लावलं, आणि आपण कोट चढवून, धुतलेलं भांडं घेऊन रस्ता ओलांडला. आर्डिसनं खिडकीशी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेलीच होती. भांडं परत द्यायला येणारा माणूस बसणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

दुर्बीण एकच. जाहिरातींमध्ये पाळी बदलायची असं ठरलं. डॉक्टर संपून बातम्यांआधीच्या जाहिराती लागल्या आणि हार्लनची पाळी आली, तेव्हा त्यानं आधी पडद्याकडे न बघता आपलं घर बघितलं. दिवा चालू, भिंतीवर माणसं हसताहेत, आणि समोर कुणीच नाही. बाहेरून ते एवढं रिकामं दिसत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं दुर्बीण पटकन वर केली. मान सरळ, नजर सरळ, बातम्यांची बाई पहिल्यांदा नाकपुड्यांसकट संपूर्ण दिसली.

"काय हो, बरोबर आहे ना उंची?" आर्डिसनं विचारलं.

"अगदी बरोबर," हार्लन म्हणाला. "कर्नलचे बोल्ट आहेत."

रविवारी कार्लीनचा फोन आला, तेव्हा तो नेमका दारात बूट चढवत होता.

"बाबा, धाप का लागलीय? टीव्ही बघता ना? होतेय ना सोबत?"

"होतेय की. मस्त होतेय," हार्लन म्हणाला. "फक्त चॅनल बदलायला दर वेळी रस्ता ओलांडावा लागतो. ठेवतो गं आता, दिवा लागतोय-विझतोय बघ."