रामकिसनरावांनी पुन्हा धावायला सुरुवात केल्याबद्दल

धावणं ही क्रिया पायांनी होते, असा समाजात एक जुना गैरसमज आहे. पाय हे केवळ साधन आहे. धावणं मुळात बैठकीत होतं, त्याचं इतिवृत्त लिहिलं जातं, त्यावर सह्या होतात आणि मग परिस्थिती अनुकूल असेल तर कुणीतरी प्रत्यक्ष धावतं. (परिस्थिती सहसा अनुकूल नसते.) सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं मी बैठकांची इतिवृत्तं लिहिली आहेत, त्यामुळे हे ऐकीव माहितीवर सांगत नाही.

निवृत्तीनंतर मी चिकलठाण्यातल्या आमच्या श्रमसाफल्य सोसायटीचा सचिव झालो. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. आमच्या 'बी' इमारतीत पहिल्या मजल्यावर रामकिसन सांडू वाघमोडे राहतात. वय शेहेचाळीस. फुलंब्रीच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक. रोजचं अप-डाऊन. मूळ गाव फुलंब्रीच्याच बाजूला, घरी पिढीजात मेंढ्या. लहानपणी ते मेंढ्यांमागे पळाले, मग शाळेच्या घंटेमागे पळाले आणि १९९४ साली तालुक्याच्या शर्यतीत पाच हजार मीटरमध्ये पहिले आले. बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली. तिच्यात आता त्यांच्या पत्नी द्वारकाबाई तूरडाळ ठेवतात. कळशीला पोचा पडलेला नाही. रामकिसनरावांना मात्र पोट सुटलं होतं आणि त्यांची साखर ८.१ झाली होती.

ही साखर म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या तीन महिन्यांत ती सातच्या खाली आली पाहिजे, रोज पळा, गोड बंद करा, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल. रामकिसनरावांना सुईची भीती नव्हती. त्यांचे वडील सांडूअण्णा याच आजारात गेले. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. उभ्या जन्मात जो माणूस कधी एका जागी बसला नाही, तो शेवटची दोन वर्षं खाटेवर बसून अंगणातल्या कोंबड्या मोजत होता. हे रामकिसनरावांनी जवळून पाहिलं होतं.

एका शुक्रवारी सकाळी गेटवर दुधाची पिशवी घेताना ते मला हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, सोमवारपासून जरा पळायचं म्हणतो. तीन महिने दिले डॉक्टरनं. कुणाला सांगू नका."

मी कुणालाही सांगितलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फक्त एक ओळ टाकली. ग्रुपवर दोनशे बारा सदस्य आहेत.

दुपारपर्यंत शंभर जणांनी हात जोडले. संध्याकाळी गच्चीवर तातडीची बैठक झाली आणि 'नियमित धावणे पुनःप्रारंभ समिती' स्थापन करण्यात आली. समितीत सात सदस्य घेतले. त्यातल्या दोघांचे गुडघे बदललेले होते, एकाला जिना चढायची वैद्यकीय मनाई होती (त्यांना गच्चीवर खुर्चीसकट आणलं) आणि तिघांनी पूर्वी धावणं सोडलेलं होतं. म्हणजे विषयाचा दांडगा अनुभव. सातवा मी. धावणारा सदस्य एकही घेतला नाही, कारण स्वतः धावणारा माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही. रामकिसनरावांना कायम निमंत्रित म्हणून घेतलं.

अध्यक्षपद नानासाहेबांनी स्वीकारलं. नानासाहेब आमच्या वॉर्डाचे इच्छुक आहेत. गेली अकरा वर्षं ते इच्छुक आहेत आणि या कामात त्यांनी कधी खंड पडू दिलेला नाही. त्यांनी रविवारी चौकात वीस बाय तीसचा फ्लेक्स लावला. 'धावपटू मा. श्री. रामकिसनराव वाघमोडे यांनी नियमित धावण्यास पुन्हा सुरुवात केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्यभागी कानाला मोबाइल लावलेले नानासाहेब होते. भोवती चौतीस शुभेच्छुक. उजव्या कोपऱ्यात खाली, छापणाऱ्याच्या फोन नंबरशेजारी रामकिसनराव होते. हे अभिनंदन सुरुवातीच्या आदल्या दिवशी झालं याबद्दल काही लोक कुत्सित बोलले. त्यांना आपल्याकडची रीत ठाऊक नसावी. आपण माणसाचा सत्कार काम होण्याआधी करतो, कारण नंतर योग येईलच याची खात्री नसते.

सोमवारी पहाटे साडेपाचला रामकिसनराव नवे बूट घालून गेटवर हजर झाले. शुभारंभाची वेळ सहाची होती. नानासाहेब पावणेआठला आले. नारळ फुटला, शाल पडली, गळ्यात हार पडला, तोंडात पेढा गेला. रामकिसनराव डॉक्टरांविषयी काही सांगू लागले, पण शुभकार्यात अर्ध्या पेढ्याला नाही म्हणायचं नसतं. मग झेंडा दाखवण्यात आला आणि ते गेटपासून चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत हारासकट धावले. अंतर चारशे मीटर. फोटोत नानासाहेबांचा चेहरा न आल्यामुळे रामकिसनरावांना परत बोलावून पुन्हा धावायला लावलं. दुसऱ्या वेळी झेंडा आला, नानासाहेबांनी डोळे मिटले. तिसऱ्या वेळी सगळं जमलं. मग टपरीवर सर्वांनी चहा घेतला आणि रामकिसनराव तसेच कार्यालयाकडे पळाले. (हे पळणं समितीच्या नोंदीत धरलेलं नाही.)

व्यस्त जीवनात धावायला वेळ कसा काढायचा, हा आधुनिक माणसापुढचा गंभीर प्रश्न आहे. समितीने तो शास्त्रीय पद्धतीने सोडवला. रामकिसनरावांचा दिवस आम्ही कागदावर मांडला. नळाला पाणी रोज येत नाही, येतं त्या पहाटे कर्त्या पुरुषाने मोटारीजवळून हलायचं नसतं. नऊच्या आत हर्सूलला पोचून फुलंब्रीची गाडी धरायची. संध्याकाळी साडेसातला परत. त्यापुढे भाजी, आणि कुणाचा तरी साखरपुडा, वास्तुशांत किंवा दशक्रिया. रविवारी गावाकडे मेंढ्यांचं आणि भावकीचं बघायचं. एवढ्या धबडग्यातून समितीने सकाळी सहा ते सहा बावीस अशी बावीस मिनिटं रिकामी शोधून काढली. रामकिसनरावांचे डोळे चमकले.

ती बावीस मिनिटं समितीच्या दैनंदिन आढावा बैठकीला देण्यात आली. आढाव्याशिवाय धावण्यात नियमितपणा राहत नाही.

त्यानंतरच्या महिन्यात रामकिसनरावांनी जी प्रगती केली ती थक्क करणारी होती. फुलंब्रीच्या कार्यालयात त्यांचा सत्कार झाला. हर्सूलच्या गाडीतल्या अप-डाऊन मंडळींनी चालत्या गाडीत सत्कार केला. गावच्या शाळेने क्रीडादिनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. दौलताबादला साडूच्या घरी वास्तुशांतीला गेले तर तिथंही भटजींनी आटोपतं घेऊन 'धावण्याचे महत्त्व' या विषयावर त्यांना दोन शब्द बोलायला लावले. सुरुवातीला ते अडखळत बोलत. पुढे पुढे पाऊण तास बोलू लागले. पहिल्या महिन्याअखेरची आकडेवारी अशी: सत्कार चौदा, शाली चौदा, पेढे एकेचाळीस, बर्फी नऊ, भाषणं अकरा, धावणं चारशे मीटर. (तीन वेळा धरल्यास बाराशे. याबाबत समितीत दोन मतं आहेत.)

एका दुपारी द्वारकाबाई माझ्याकडे आल्या. एरवी त्या कुणाच्या दारात उभ्या राहत नाहीत. हातात स्वयंपाकघरातली दिनदर्शिका होती. तिच्यावर त्या रोज सकाळची उपाशीपोटीची साखर लिहीत. एकशे शहाऐंशीपासून आकडे चढत गेले होते. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, अण्णांचा पाय कापला तवा दवाखान्यात मीच होते. मला चौदा शाली नको. मला ह्यायचे दोन पाय पायजेत."

मी त्यांचं म्हणणं शब्दशः नोंदवून घेतलं. पुढच्या बैठकीत त्यावर गांभीर्याने चर्चा झाली आणि धावपटूच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहणारी पत्नी म्हणून द्वारकाबाईंचा साडी देऊन सत्कार करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या सत्काराला आल्या नाहीत. त्यांच्या वतीने साडी आणि पेढा रामकिसनरावांनी स्वीकारला.

यानंतर रामकिसनरावांच्या वागण्यात एक संशयास्पद बदल झाला. आढावा बैठकीला ते ताजेतवाने येऊ लागले. पेढा दिला की खिशात टाकत आणि म्हणत, घरी देवापुढं ठेवतो. नवे बूट धुळीने भरलेले दिसत. समितीची परवानगी नसताना एखाद्याचे बूट कशाने भरतात, हा प्रश्न माझ्यातल्या जुन्या कारकुनाला स्वस्थ बसू देईना.

एका गुरुवारी पहाटे मी देवासाठी फुलं तोडायला (इतरांच्या कंपाउंडमधून) विमानतळाच्या भिंतीकडेच्या रस्त्याला गेलो होतो. नुकतं उजाडत होतं. समोरून रामकिसनराव धावत येताना दिसले. हार नव्हता, झेंडा नव्हता, मागे कुणी नव्हतं. पोट हलत होतं, पण पाय एका लयीत पडत होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला १९९४ चं ते पोरगंच दिसलं. खरं सांगतो, मला भरून आलं. या माणसाला आपण महिनाभर किती छळलं, असंही क्षणभर मनात आलं. ते माझ्यापाशी थांबले, गुडघ्यांवर हात टेकले आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळे झाले. नऊ दिवस झाले होते. पाण्याचा वार असला की मोटार द्वारकाबाई बघत. ते सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून येत. उपाशीपोटीची साखर एकशे बेचाळीसवर आली होती.

"लई हलकं वाटतंय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "आता जमंल मला. फक्त कुणाला सांगू नका."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शब्द दिला. ते वळून परत धावू लागले, तेव्हा मी त्यांचा पाठमोरा फोटो काढला. इतका सुंदर क्षण एकट्याने बघणं मला स्वार्थीपणाचं वाटलं. फोटो ग्रुपवर टाकताना मी खाली लिहिलं, 'खरी साधना एकांतात.' दोनशे अकरा जणांनी हात जोडले. (दोनशे बारावे रामकिसनराव.)

शुक्रवारी पहाटे मागच्या भिंतीपलीकडे चाळीस माणसं उभी होती. रामकिसनरावांनी भिंतीवरून उडी मारली ती थेट हारात. नानासाहेबांनी वेळेवर येऊन दाखवलं. दोघा ज्येष्ठ नागरिकांनी रामकिसनरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोन सोसायट्या मिळाल्या. चौथ्या दिवशी रामकिसनराव उठले नाहीत. समितीने त्यांना एक सौम्य पत्र दिलं. आढाव्याबाहेर केलेलं धावणं अनियमित ठरतं आणि नियमित धावणाऱ्याने ते टाळावं, एवढंच त्यात होतं. त्यांनी पोच दिली. त्यानंतर ते बूट घालून बैठकीला येत, बसत, दिलेलं खात आणि गाडी धरायला जात. काही विचारलं की म्हणत, "बरोबर आहे."

तीन महिने पूर्ण झाले त्या दिवशी दवाखान्यात समितीचा प्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. साखर ९.६ आली होती. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. त्यांनी रामकिसनरावांना पलंगावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ दोरा घेऊन तो तळव्याला ठिकठिकाणी टोचू लागले. लागला की 'हां' म्हणायचं. उजव्या पायाला रामकिसनराव प्रत्येक वेळी 'हां' म्हणाले. मग डॉक्टरांनी डाव्या पायाच्या करंगळीला दोरा टोचला. दाबला. पुन्हा दाबला. रामकिसनराव डोळे मिटून, आज्ञाधारक मुलासारखे, दोरा कधी लागतो याची वाट बघत राहिले. द्वारकाबाई त्यांच्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं.

सुई सुरू झाली. नानासाहेबांनी 'लवकर बरे व्हा' असा फ्लेक्स लावला असून या वेळी रामकिसनरावांचा फोटो बराच मोठा आहे. समिती बरखास्त केलेली नाही. एवढी अनुभवी माणसं पुन्हा एकत्र मिळत नाहीत आणि पुनःप्रारंभासाठी नवा माणूस हवाच आहे.

म्हणून हा अहवाल तुमच्यापर्यंत पोचवला. त्या पाठमोऱ्या फोटोखाली हात जोडणाऱ्या दोनशे अकरा जणांत तुम्ही होता की नाही, हे मी तपासलेलं नाही. पण तुमचे बूट दाराच्या मागे खोक्यात आहेत आणि तुमचा सोमवार कधीचा ठरलेला आहे, एवढं मला दिसतं. अवश्य धावा. फक्त निघण्याआधी मला एकदा सांगा.

मी कुणाला सांगणार नाही.